शिधापत्रिकेच्या दशकातील आपले स्वयंपाकघर

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



भोजनाची पंगत नुकतीच उठली आहे आणि लगेच भोजनाविषयीच चार शब्द बोलण्याची कामगिरी चिटणिसांनी आमच्यावर सोपविली आहे. तृप्त श्रोत्यांना अन्नाच्या गोष्टी सांगणे हे मोठे धारिष्ट्याचे काम होय. तरी आपणांपैकी ज्यांना डुलकी लागेल त्यांनी ती निःसंकोच घ्यावी. वक्त्याचा त्यात अपमान नाही, स्वयंपाक करणाऱ्यांचा सन्मानच आहे.

प्रसंग असा घडला. आपल्या संस्थेने ज्ञातीतील पाककृतींचा एक संग्रह छापावयाचे ठरविले आणि त्या कामी नेमलेल्या उपसमितीत आमचीही वर्णी लागली. परिपत्रक निघाले, घराघरांतून कागद येऊ लागले. वालाच्या बिरड्याच्या तर सतरा कृती आल्या आणि प्रत्येक गृहिणीने, उरलेल्या सोळा चुकीच्या आहेत, असे आडून सुचविले होते. शेवळांची भाजी आली, खाजाचे कानवले आले, निनावे आले, तेलपोळी आली, सोड्याची खिचडी आली. आम्हीही आमच्या कै. मातोश्रींची वही घेऊन गेलो. कापडी बांधणीची, हळदीच्या बोटांनी पिवळी झालेली ही वही प्रत्येक घरात एक तरी असतेच. तिच्या पहिल्या पानांवर मापे शेर, अदशेर, छटाक अशी आहेत. पुढे दशमान वजने सक्तीची झाल्यावर ती किलो-ग्रॅमची झाली. पण मधली तीस-पस्तीस पाने अशी आहेत की तेथे मापच निराळे आहे. तेथे लिहिले आहे, “एका कार्डाची साखर”, “आठवड्याचे गहू”, “मिळाल्यास तेल”. १९६५ ते १९७५ या दहा वर्षांची ती पाने होत.

उपसमितीतील आमच्या एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी ती पाने चाळून वही मिटली आणि सौम्यपणे म्हटले, “हे आपले पदार्थ नव्हेत. हे रेशनचे पदार्थ. संग्रहात हे दारिद्र्य कशाला?” त्यांच्याविषयी आमच्या मनात आदर आहे, व त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ आहे असेही आम्ही मानीत नाही. तथापि त्या दिवसापासून ती पाने आम्हांस स्वस्थ बसू देत नाहीत, म्हणून हे भाषण.

तरुण मंडळींसाठी त्या काळाचे थोडे चित्र काढले पाहिजे. मुंबईला शिधावाटप नवे नव्हते. महायुद्धाच्या काळात, १९४३ च्या मे महिन्यात येथे रेशन सुरू झाले. पुढे रफी अहमद किडवाई अन्नमंत्री असताना १९५४ साली नियंत्रणे उठली आणि लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तो फार काळ टिकला नाही. १९६५ चे युद्ध, त्याच वर्षीचा आणि त्याच्या पुढच्या वर्षीचा अवर्षणाचा फेरा, जून १९६६ मधील रुपयाचे अवमूल्यन यांनी शिधापत्रिका पुन्हा घराच्या देव्हाऱ्याशेजारी येऊन बसली. अमेरिकेच्या ‘पीएल ४८०’ कायद्याखाली गहू येई, आणि त्याच्याबरोबर ती तांबडी, गोल, टणक जोंधळ्याची जात येई, जिला आम्ही सर्वजण ‘मिलो’ म्हणत असू.

आम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतो आणि दादरला एका चाळीत राहत होतो. घरात माणसे सात, खोल्या दोन. रेशनच्या दुकानापुढील रांगेत पिशवी ठेवून जागा धरणे हे मुलांचे काम असे आणि पिशवीवर विश्वास नसल्याने तिच्याशेजारी उभे राहणे हेही मुलांचेच काम असे. धान्य घरी आले की दुपारी चाळीतील साऱ्या स्त्रिया गॅलरीत सुपे घेऊन बसत. खडे, माती, किडे, गोणपाटाचे दोरे निवडता निवडता त्या जगाची वार्ता घेत. त्या सुपांचा तालबद्ध आवाज आमच्या कानांत अद्याप आहे. रेशनच्या तांदळाला एक कुबट वास येई. तो जावा म्हणून आई तो तीन पाण्यांत धुई व भातात दोन लवंगा टाकी. वास जात नसे. वास आणि लवंगा दोन्ही लागत.

येथे एक गोष्ट आपण प्रांजळपणे कबूल केली पाहिजे. आपल्या ज्ञातीतील पुष्कळ घरांना तोपर्यंत तांदूळ विकत घेण्याची सवयच नव्हती. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, पेण, रोहा, महाड या भागांत आपल्या शेतजमिनी. कुळांनी पिकवावे आणि होडीतून मुंबईच्या घरी तांदूळ यावा, हा क्रम. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी कसणारा जमिनीचा मालक ठरला. तो न्याय होता. ज्या हातांनी चिखलात लावणी केली त्यांचा तो हक्कच होता. आमच्या वडिलांना मात्र हे पटावयास पुष्कळ वर्षे लागली आणि आमच्या मते ते पटण्याचे निम्मे काम रेशनच्या रांगेने केले. रांगेत पुढे गिरणीतला जॉबर, मागे शाळेतली शिक्षिका, मध्ये आम्ही. कार्ड सर्वांचे सारखेच.

आपल्या चिंतामणराव देशमुखांनी १९५० ते १९५६ या काळात देशाचे अर्थमंत्रिपद भूषविले, याचा अभिमान आपल्या प्रत्येक स्मरणिकेत व्यक्त होतो आणि तो योग्यच आहे. परंतु त्या दशकात चाळीतील प्रत्येक खोलीत एक अर्थमंत्री होती आणि तिचे अंदाजपत्रक दर आठवड्यास मांडावे लागे, याची नोंद कोणत्याही स्मरणिकेने घेतलेली आम्हांस आठवत नाही.

आता वहीकडे वळू. मिलोच्या भाकरीची कृती आईने तीन वेळा लिहून दोन वेळा खोडली आहे. त्या पिठाला चिकटपणा नसे. थंड पाण्यात मळले तर भाकरी थापताना कडेने फाटे, तव्यावर टाकताना दुभंगे. शेवटी आधणाच्या पाण्यात पिठाची उकड काढून, तीत मूठभर कणीक मिसळून, ते गरम गरम मळावे, असा निर्णय वहीत कायम झालेला दिसतो. दुसऱ्या पानावर त्याच पिठाचे कांदा घालून केलेले थालीपीठ आहे आणि शेजारी बारीक अक्षरांत शेरा आहे, “मुले खातात.” हा शेरा वाचून आम्ही बराच वेळ थांबलो. कारण मुले खात नव्हती.

आम्ही शाळेत डब्यात नेलेली मिलोची भाकरी वाटेतील गटारात टाकीत असू. वर्गात काही मुलांच्या डब्यात पांढऱ्या पोळ्या असत. त्यांच्यासमोर ती तांबडी भाकरी उघडण्याची लाज वाटे. हा क्रम पंधरा-वीस दिवस चालला. मग शेजारच्या काकींनी पाहिले व आईला सांगितले. आई आम्हांस एक शब्दही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून आमच्या डब्यात कणकेची पोळी येऊ लागली. घरात गहू वाढले नव्हते. कार्ड तेच होते. त्या पोळीचे गहू कोणाच्या ताटातून येत होते, हे समजावयास आम्हांस पुढे स्वतःचा संसार मांडावा लागला. तोपर्यंत विचारण्यास आई राहिली नव्हती.

याच काळात पंतप्रधान लालबहादुर शास्त्री यांनी देशाला आठवड्यातून एक वेळ, सोमवारी रात्री, उपवास करण्याचे आवाहन केले. मुंबईत उपाहारगृहे त्या रात्री चुली विझवीत. आम्ही मुले मोठ्या अभिमानाने उपाशी राहत असू आणि दुसऱ्या दिवशी शाळेत त्याची प्रौढी मिरवीत असू. घरात एकच व्यक्ती अशी होती की जिला या व्रतात नवीन काही करावयाचे नव्हते. ती म्हणजे आमची पेणची आत्या. कारण ती कोणत्याच रात्री जेवत नसे.

ही आत्या वडिलांची चुलत बहीण. विसाव्या वर्षाच्या आत वैधव्य आले, मूल नाही. पेणला दिराच्या घरातील मागच्या खोलीत राही, पापड-सांडगे करून चार पैसे मिळवी आणि ज्याच्या घरी कार्य, बाळंतपण अथवा आजारपण असेल त्याच्या घरी जाऊन उभी राही. प्रत्येक कुटुंबात अशी एक आत्या, मावशी अथवा काकी असे. आपण तिला ‘सर्वांची’ म्हणत असू. याचा अर्थ ती कोणाचीच नव्हती, हे त्या वेळी कोणी बोलून दाखवीत नसे. जुन्या रीतीप्रमाणे तिने मासे, मटण सर्व वर्ज्य केले होते. पण ते रांधण्यात तिचा हात धरणारे आमच्या पाहण्यात दुसरे कोणी आले नाही.

शेवळांचेच पाहा. पावसाची पहिली सर पडते न पडते तोच कातकरी-ठाकर स्त्रिया रानातून शेवळांच्या जुड्या घेऊन येतात. ती नुसती शिजविली तर घसा खाजून जीव नकोसा होतो. म्हणून काकडांचा आंबट रस हवा, आतला पिवळा भाग काढून टाकावयास हवा, आणि बारीक चिरून तेलात चांगली परतावयास हवीत. आपल्या घरांत ती खिम्यात अथवा कोळंबीत पडतात. त्या वर्षांत खिमा महिन्यातून एकदा, तोही नाव घेण्यापुरता. आत्याने भिजविलेली हरभऱ्याची डाळ जाडसर वाटून, वाफवून, मोकळी करून ती शेवळांत घातली. पहिला घास घेताच वडिलांनी विचारले, “आज खिमा कोठून आणला?” आत्या चुलीकडे तोंड करून हसली. (आमचे एक मित्र म्हणतात की ही युक्ती त्यांच्या आजीची. असेलही. टंचाईत एकच युक्ती दहा घरांत सुचते.)

बिरडे हे तर आपल्या घराचे निशाण. कडवे वाल रात्री भिजवावे, दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून मोड आणावे, कोमट पाण्यात टाकून एकेक सोलावा. या सोलण्याला आमच्या घरी सारी मुले लागत. वाल महागले तेव्हा बिरड्यात बटाटा आला, मग पडवळ आले, शेवटी बिरडे आडनावापुरते उरले. नारळाचे दूध पहिले काढावयाचे नाही, असा आईचा नियम झाला. दुसऱ्या दुधात बिरडे, तिसऱ्या दुधात आमटी, आणि चोथा भाजून त्याची लसूण-मिरची घालून चटणी. आज आम्ही ती चटणी मागून घेतो. सूनबाई म्हणते, “बाबा, चोथ्याची चटणी करण्यासाठी आता नारळाचे दूध काढावे लागते!”

आणि आता ज्या पदार्थासाठी हे सारे सांगितले, तो. तांदूळ अपुरा, गहू त्या मानाने बरा, अशी १९६६ ची स्थिती. भातावर वाढलेल्या माणसांना पोळीने पोट भरल्यासारखे वाटत नसे. वडील तर दोन पोळ्या खाऊन “आता जेवायला वाढा” म्हणत. आत्याने रेशनचे गहू धुऊन वाळविले, जात्यावर जाडसर भरडले, पीठ चाळून पोळ्यांसाठी बाजूला काढले आणि उरलेल्या कण्यांची सोडे घालून खिचडी केली. सोडेही महाग, सात माणसांत एक मूठ. वाढताना ते मोजून वाढावे लागत. मुलांना तीन, वडिलांना पाच. पण चव साऱ्या पातेल्यात उतरलेली असे, ती कशी, हे पुढे सांगतो.

गेल्या वर्षीच्या आपल्या खाद्यमहोत्सवात हाच पदार्थ ‘दलियाची सोडे खिचडी’ या नावाने होता हे आपणांस स्मरत असेल. पुढे रांग होती. वर फलक होता, ‘आपल्या पूर्वजांची शेकडो वर्षांची परंपरा’. आम्हीही रांगेत उभे राहून एक द्रोण घेतला. मधुमेही मंडळी तर कृतार्थ झाली होती. आम्ही काही बोललो नाही. मात्र शेकडो वर्षांतील किमान पूर्वार्ध पेणच्या मागच्या खोलीत राहत होता, हे आम्हांस ठाऊक होते.

आता जे सांगावयाचे ते सांगण्यास जीभ थोडी अडखळते. आमच्या ताईचे लग्न १९६७ च्या वैशाखात ठरले. आईने दिवाळीपासूनच प्रत्येक वेळच्या साखरेतून एक मूठ बरणीत टाकण्यास आरंभ केला होता. आत्या फाल्गुनात आली ती महिनाभर राहिली. पापड, कुरडया, सांडगे, रुखवताचे कानवले सर्व तिच्या हातचे. कानवल्यांना तूप पुरेना म्हणून निम्मे वनस्पती तूप घातले, आणि कोणते कानवले कशाचे हे ओळखू यावे म्हणून वनस्पतीच्या कानवल्यांची मुरड तिने डावीकडून घातली. दुपारी ताईला समोर बसवून तिने वहीत चार-पाच कृती सांगून उतरवून घेतल्या. त्या पानांवर अक्षर ताईचे आहे. मग ती पेणला परत गेली.

त्या दिवसांत लग्नसमारंभात धान्याचे पदार्थ किती जणांना वाढावेत यावर सरकारी नियंत्रण होते. म्हणून तर त्या काळच्या स्वागतसमारंभात आइस्क्रीम आणि बटाट्याचे वेफर्स यांचे राज्य असे. आइस्क्रीमला शिधापत्रिका लागत नव्हती. पंगतीची पाने मोजकी. वडिलांनी यादी केली, खोडली, पुन्हा केली. त्या यादीतून आत्या गेली. वडिलांनी पत्र लिहिले की सरकारी हुकमामुळे कार्य अगदी घरच्या घरी उरकावे लागत आहे, तू प्रवासाची दगदग करू नयेस. पत्र टपालपेटीत आम्हीच टाकले. त्याच यादीत वडिलांच्या कचेरीतील वरिष्ठांच्या घरची पाच पाने होती.

हुकूम सरकारचा होता, पण यादी आमची होती. मांडवात विधवा नको, ही एक जुनी अढी. जुने लुगडे नेसलेली नातलग वरिष्ठांच्या दृष्टीस नको, ही दुसरी नवी अढी. आणि दोन्ही झाकण्यास तो हुकूम आयता सापडला. आई त्या वेळी काहीच बोलली नाही. पण मंगलाष्टके झाल्यावर ती जेवावयास बसली नाही. डोके दुखते म्हणाली.

त्या वर्षी ताईच्या दिवाळसणाला आत्या न बोलाविता आली. त्या काळी एका भागातून दुसऱ्या भागात तांदूळ नेण्यास बंदी होती आणि मुंबईच्या वेशींवर कडक तपासणी असे. विरार, कसारा, कर्जतकडून लोकलने येणाऱ्या तांदूळवाल्या बायकांच्या कथा जुन्या लोकांना आठवत असतील. पोटासाठी त्या रोज तुरुंगाशी खेळत. आमचे जुने कूळ आता जमिनीचे मालक झाले होते, पण त्यांनी लोभ सोडला नव्हता. त्यांनी नव्या भाताचे चार शेर तांदूळ आत्याजवळ दिले होते. आत्याने ते एका उशीत भरले, उशीला अभ्रा घातला आणि रेवसच्या लाँचने ती भाऊच्या धक्क्यावर उतरली. तेथे शिपायाने वळकटी उघडली, उशी उचलून पाहिली व जागच्या जागी ठेवीत तो म्हणाला, “आजी, उशी फार जड झाली बघा. मान आखडेल. हलकी करून घ्या.” एवढे बोलून त्याने तिला पुढे जाऊ दिले. घरी आल्यावर आत्याने ही हकीकत इतकी रंगवून सांगितली की सारी चाळ हसली. वडील मात्र हसले नाहीत. ते उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. जावईबापूंच्या ताटातील त्या दिवसाचा भात उशीतला होता.

लग्नाचा विषय आत्याने त्या वेळी काढला नाही, पुढेही कधी काढला नाही. काढला असता तर बरे झाले असते, असे आम्हांस वाटते.

त्यानंतरची वर्षे भरभर सांगतो. १९६८ साली गव्हाचे विक्रमी पीक आले आणि टपाल खात्याने त्याचे तिकीटही काढले; मिलो मागे पडली. १९७० साली कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ आली. आईने ती भिशीच्या पैशातून घेतली आणि समासात जागोजागी “साखर निम्मी” असे लिहून ठेवले. १९७२ चा दुष्काळ आला. त्याविषयी आम्ही जपूनच बोलतो. कारण ज्यांनी खडी फोडून सुकडीवर दिवस काढले त्यांच्या टंचाईला आणि आमच्या टंचाईला एकच शब्द वापरणे योग्य नव्हे. आमच्या घरी अन्न कमी होते, तेथे नव्हते. त्याच सुमारास मृणाल गोरे, अहिल्याबाई रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली महागाईविरुद्ध स्त्रियांचे लाटणे मोर्चे निघाले. एके दिवशी आम्ही महाविद्यालयातून घरी आलो तो ताई माहेरपणाला आलेली, आणि सरबताच्या बाटलीने पोळ्या लाटीत बसलेली. आई लाटणे घेऊन मोर्चाला गेली होती! जन्मात घराबाहेर मोठ्याने न बोललेली आमची आई. रात्री परतली तेव्हा घसा बसला होता आणि लाटणे दुसरेच होते; गर्दीत अदलाबदल झाली. ते लाटणे आमच्या घरी अद्याप आहे. कोणाचे ते ठाऊक नाही. पोळ्या चांगल्या होतात.

आत्या १९७४ च्या श्रावणात पेणला वारली. आम्ही पोहोचलो तेव्हा सर्व आटोपले होते. तिच्या खोलीत पापडांचा एक डबा होता आणि त्यावर चिकटविलेल्या कागदावर कोणाकोणाचे किती, हे लिहिलेले होते. त्यात आमचे नाव होते.

तेव्हा अध्यक्षमहाशय, उपसमितीपुढे आमची विनंती अशी. संग्रहात सतरा बिरडी जरूर असावीत. पण त्या दशकातील पाने वगळू नयेत. आमच्या त्या स्नेह्यांना ‘दारिद्र्य कशाला’ असे वाटते, कारण त्यांनीही ती तांबडी भाकरी कोठेतरी लपविली असणार. ती लाज आम्ही जाणतो. पण ‘शेकडो वर्षांची परंपरा’ असा फलक लावून आपण त्या स्त्रियांना दुसऱ्यांदा यादीतून खोडतो. लक्ष्मीबाई धुरंधर यांनी १९१० साली ‘गृहिणीमित्र’ लिहिले, कमलाबाईंनी ‘रुचिरा’. त्यांची नावे मुखपृष्ठांवर राहिली. ज्यांनी काही लिहिले नाही त्यांची नावे निदान कृतींच्या खाली यावीत. प्रत्येक घराने आपली वही काढावी, मधली पाने शोधावी, आणि ती युक्ती कोणाची हे माहीत असेल तर लिहून पाठवावे. आत्याचे नाव आम्ही उपसमितीच्या कागदावर लिहून दिले आहे. येथे व्यासपीठावरून ते घेत नाही. छापील पानावर ते पहिल्यांदा यावे, एवढी आमची इच्छा आहे.

चिटणीस घड्याळाकडे पाहत आहेत, तेव्हा वहीतील ते पान वाचून दाखवितो आणि आपली रजा घेतो. अक्षर ताईचे, सांगणे आत्याचे.

“कण्यांची खिचडी. माणसे सात. गहू धुऊन, पुरते वाळवून भरडावे. पीठ चाळून पोळ्यांना ठेवावे, टाकू नये. कण्या तीन वाट्या. चमचाभर तेलावर तांबूस होईपर्यंत भाजाव्या, घाई करू नये. सोडे एक मूठ. पहिल्या पाण्यात रेती निघते, ते टाकावे. मग कोमट पाण्यात घटकाभर भिजत ठेवावे. हे दुसरे पाणी टाकू नये, सगळी चव त्यातच आहे. दोन कांदे, लसणीच्या सहा पाकळ्या, बटाटा असल्यास एक. तेलात हिंग, हळद, लसूण, कांदा. कांदा मऊ झाला की सोडे, मग तिखट व आपला मसाला. कण्या घालून परताव्या. सोड्यांचे पाणी, नारळाचे दुसरे दूध आणि आधणाचे पाणी मिळून आठ वाट्या व्हावे. दोन आमसुले. झाकणावर पाणी ठेवून मंद विस्तवावर शिजवावे. वर कोथिंबीर. सोडे मोजून वाढावे, नाहीतर मुले भांडतात. मिठाचा अंदाज वासावरून घ्यावा. मी तसाच घेते. तुम्ही चाखून पाहिलेत तरी चालेल.”